जुना कब कॅडेट किती ओरिजिनल आहे ते कसं ओळखायचं: आधी बीड बघा, पत्रा शेवटी

मार्केटप्लेसवर किंवा गावाकडच्या ऑक्शनला जुना गार्डन ट्रॅक्टर दिसतो, खाली लिहिलेलं असतं 'ऑल ओरिजिनल', रंग चकाचक, स्टिकर नवेकोरे, आणि भाव दुप्पट. इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा या भागात राहणारी आपली बरीच मंडळी आता एक-दोन एकरवाली घरं घेतायत आणि त्यांच्यापैकी कोणी ना कोणी असा फोटो पाठवून विचारतं, की हा घेऊ का. फोटोवरून मी कधीच हो म्हणत नाही, कारण फोटोत दिसतं ते सगळं सहज बदलता येण्यासारखं असतं. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय, मुख्यतः इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या कब कॅडेट या गार्डन ट्रॅक्टरबद्दल, कारण तोच मला आतून-बाहेरून माहिती आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. जो भाग काढायला जितका अवघड तितकी त्याची साक्ष खरी. बॉनेट दहा मिनिटात निघतं, सीट पाच मिनिटात, इंजिन एका दुपारीत, पण मागची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, फ्रेमचे चॅनल आणि त्यांना फॅक्टरीतच पाडलेली भोकं, हे बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्यामुळे तपासणी खालून आणि मागून सुरू करायची, आणि बॉनेटवर काय नंबर लिहिलाय ते सगळ्यात शेवटी बघायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय बदल का झाले ते कळत नाही. हा ट्रॅक्टर केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनायचा, जिथे १९४७ पासून फार्मॉल कब हा छोटा शेतीचा ट्रॅक्टर बनत होता. १९६१ च्या सीझनसाठी कंपनीने घरगुती वापराचा कब कॅडेट काढला आणि त्याच्या मागच्या भागात गिअर वापरले ते कबच्याच डिझाइनचे, म्हणजे लॉन कापायच्या मशीनमध्ये शेतातल्या ट्रॅक्टरची गिअरबॉक्स. साठ वर्षांनंतर हे ट्रॅक्टर अजून चालतायत त्याचं मोठं कारण हेच आहे. आणि आपल्याकडच्या लोकांना ही कंपनी अगदीच परकी नाही, १९६३ मध्ये महिंद्राने ज्यांच्याबरोबर मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीत बी-२७५ बनवला ते हेच इंटरनॅशनल हार्वेस्टर. ज्यांच्या वाड्यात बी-२७५ उभा होता त्यांना कब कॅडेटच्या बिडाच्या भागांचा जाडजूडपणा बघून लगेच ओळख पटेल.

आता प्रत्यक्ष बघायला सुरुवात करू. टॉर्च, वायर ब्रश, थोडं डिझेल किंवा डीग्रीझर, जुनं फडकं आणि फोन, एवढं बरोबर घ्या. विकणाऱ्याला विचारून खाली वाका आणि इंजिनातून ताकद मागे कशी जाते ते बघा. पट्ट्याने जात असेल तर तो १९६१ ते ६३ चा पहिला मॉडेल, त्याला नंबरच नव्हता म्हणून शौकीन मंडळी त्याला 'ओरिजिनल' असंच म्हणतात, त्यात कोहलर कंपनीचं ७ हॉर्सपॉवरचं के-१६१ इंजिन यायचं. पट्ट्याऐवजी मधून लांब शाफ्ट गेलेला दिसला तर तो १९६३ नंतरचा, म्हणजे मॉडेल ७० किंवा १०० किंवा त्यापुढचा. लांबून ओरिजिनल आणि ७० यांच्यात गोंधळ व्हायला फार वेळ लागत नाही, आणि ७० ला ओरिजिनल म्हणून विकणारे भेटतात, कधी मुद्दाम आणि बऱ्याचदा स्वतःलाच माहिती नसतं म्हणून. पट्टा की शाफ्ट, या एका प्रश्नाने तो वाद तिथेच मिटतो.

शाफ्ट असेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या जोडण्या नीट बघा. तिथे फॅक्टरीतून गुंडाळलेल्या स्प्रिंग स्टीलच्या पिना यायच्या. त्या झिजून भोकं मोठी झाली की शेतकरी सरळ तिथे बोल्ट टाकायचा आणि पुढे दहा वर्षं काम करायचा. बोल्ट दिसला म्हणजे ट्रॅक्टर खराब असं अजिबात नाही, पण शाफ्ट हाताने गोल हलवून बघा, किती खेळ आहे ते, कारण तो खेळ पुढे क्लचच्या तीन पिनांच्या भागापर्यंत गेलेला असू शकतो.

त्यानंतर फ्रेम. १९७१ पर्यंतच्या मॉडेलना शौकीन लोक नॅरो फ्रेम म्हणतात, म्हणजे ७० आणि १०० पासून ते ७३, १०६, १०७, १२६, १२७, १४७ पर्यंत. १९७१ मध्ये ८६, १०८, १०९, १२८, १२९, १४९ ही मालिका आली ती वाइड फ्रेमवर, आणि १९७४ मध्ये त्याच फ्रेमवर १६ हॉर्सपॉवरचा १६९. मग १९७४ ते ७९ ची क्वाएट लाइन, ८००, १०००, १२००, १२५०, १४५०, १६५०, ज्यात इंजिनच्या बाजूला पॅनल आले आणि इंजिन रबरी माउंटवर बसवलं, आवाज आणि थरथर कमी व्हावी म्हणून. डिझाइनमधला हा बदल कागदावर चांगला होता, पण रबर काही वर्षांनी बसतं, इंजिन खाली झुकतं, शाफ्टची रेषा चुकते आणि मग जोडणी झिजायला लागते. त्यामुळे क्वाएट लाइनमध्ये रबर काढून लोखंडी ठोकळे टाकलेले खूप दिसतील. हा मालकाने केलेला बदल, फॅक्टरीचा नाही. मला स्वतःला तो आवडत नाही कारण ठोकळे टाकले की सगळी थरथर फ्रेममध्ये आणि तुमच्या हातात येते, नवीन रबर मिळतं ते टाकावं, पण समजून घ्या की समोरच्याने तो का केला.

फ्रेमवर अजून एक बघायचं, भोकं. फॅक्टरीचं भोक स्वच्छ, गोल आणि दोन्ही बाजूंना सारख्या जागी असतं. ड्रिलने पाडलेलं भोक कडेला खरखरीत, जरा तिरकं, आणि एकाच बाजूला. रिकामं फॅक्टरीचं भोक दिसलं तर तिथे आधी काहीतरी बसत होतं किंवा दुसऱ्या मॉडेलसाठी ते ठेवलेलं होतं, आणि जास्तीचं ड्रिलचं भोक दिसलं तर कोणीतरी लोडर, माती-बर्फ ढकलायची फळी किंवा दुसरं इंजिन लावलं होतं. अशी भोकं वेल्डिंगने बुजवून वरून रंग मारलेला असतो, पण आतल्या बाजूने हात फिरवला की उंचवटा लागतो. आतल्या बाजूला कोणी ग्राइंडर मारत बसत नाही.

आता सिरीयल नंबर. इथे जवळजवळ सगळे फसतात. इंटरनॅशनलच्या काळात कब कॅडेटचे सिरीयल नंबर ५०१ पासून सुरू झाले आणि मॉडेल कुठलाही असो, एकाच रांगेत पुढे जात राहिले. म्हणजे १०२ आणि १२२ एकाच आठवड्यात बनले तर त्यांचे नंबर एकमेकांच्या मागेपुढे. त्यामुळे सिरीयल नंबरवरून साल आणि मालिका कळते, पण १० हॉर्सपॉवरचा होता की १२ चा ते कळत नाही. कोणी १०२ वर १२२ चं स्टिकर आणि मोठं इंजिन लावलं तर नंबरची पट्टी तुम्हाला ते सांगणार नाही. पट्टीची जागा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, ती बघून जा. पट्टीचे रिवेट बघा, जुने रिवेट आणि आजूबाजूचा रंग एकाच वयाचे दिसले पाहिजेत. पॉप रिवेट किंवा स्क्रू असेल तर ती पट्टी एकदा तरी निघाली आहे, रंगकामासाठी निघाली असेल, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरची असेल.

मॉडेल नंबर मात्र वाचायला सोपा आहे. क्वाएट लाइनच्या आधीच्या तीन आकड्यांच्या नंबरमध्ये पहिले दोन आकडे हॉर्सपॉवर, आणि शेवटचा आकडा सम असेल तर गिअरवाला, विषम असेल तर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी पंपाच्या तेलाच्या दाबाने चालणारा. १०४ गिअर, १०५ हायड्रो, १२६ गिअर, १२७ हायड्रो, असं. पहिला हायड्रो म्हणजे १२३. दोन आकडी नंबरांना हा नियम लागू नाही, ७१ आणि ७३ विषम असूनही गिअरवालेच. आता हे जमिनीवर कसं वापरायचं, तर बॉनेटवर १२५ लिहिलंय आणि खाली बघितलं तर हायड्रो पंप नाही, पंपाच्या पुढे शाफ्टवर बसणारा छोटा पंखा नाही, आणि गिअरची काठी वर आलेली आहे, म्हणजे एकतर बॉनेट दुसऱ्याचं किंवा हायड्रो गेला म्हणून पूर्ण मागचा भाग बदललाय. दोन्ही नेहमी होतं. गिअरचा मागचा भाग अतिशय टिकाऊ असल्यामुळे असा बदललेला ट्रॅक्टर कामासाठी उत्तमच, फक्त त्याला १२५ च्या भावात घेऊ नका.

पार्टवरचे नंबर वाचायला शिका, मला यात सगळ्यात जास्त मजा येते. इंटरनॅशनलच्या पार्ट नंबरच्या शेवटी आर१, आर२, आर३ असं यायचं, नंतरच्या काळात सी१ वगैरे. मूळ नंबर तोच आणि शेवटचा आकडा वाढला म्हणजे त्या पार्टच्या डिझाइनमध्ये सुधारणा झाली. आर९१ सारखा मोठा आकडा असेल तर तो एकटा तुकडा नसून जोडून आलेला पूर्ण संच. त्यामुळे तुमच्या ट्रॅक्टरवर आर१ आहे आणि कंपनीच्या पार्ट बुकात आर३ दिसतोय म्हणून तुमचा पार्ट चुकीचा असं नाही, उलट तो जास्त जुना, कदाचित पहिल्यापासून तिथेच असलेला. पण जुन्या ट्रॅक्टरवर फार पुढचा नंबर सापडला तर तो दुरुस्तीत आलेला. एक सावधानता घ्या, बिडावर ओतलेला नंबर बऱ्याचदा कच्च्या ओतीव तुकड्याचा असतो आणि मशिनिंग झाल्यावर पार्ट बुकात त्याला वेगळा नंबर मिळतो, तेव्हा कास्टिंगवरचा नंबर पुस्तकात सापडला नाही म्हणून लगेच बनावट ठरवू नका. आणि १९८१ मध्ये कब कॅडेटचा धंदा एमटीडी कंपनीकडे गेला, त्यांचे नंबर ७ ने किंवा ९ ने सुरू होतात आणि मध्ये रेघ असते, तसा नंबर किंवा लेबल असलेला पार्ट जुन्या ट्रॅक्टरवर दिसला तर तो नंतरचा, त्यात वाद नाही.

इंजिनाकडे आता या, आणि इथे वेळ काढून बसा. कोहलरच्या के सिरीज इंजिनांवर हवेच्या पत्र्याच्या आवरणावर एक छोटी पट्टी असते, त्यावर मॉडेल, स्पेसिफिकेशन नंबर आणि सिरीयल. मॉडेलपेक्षा स्पेसिफिकेशन नंबर महत्त्वाचा, कारण ते इंजिन कुठल्या कंपनीच्या कुठल्या मशीनसाठी बांधलं ते त्यावरून कळतं. तेच के-३०१ वेल्डिंग मशीनला, पंपाला, दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला पण जायचं. मॉडेलच्या मागची अक्षरं पण बोलतात, ए म्हणजे वेगळा ऑइल पॅन, एस म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्ट, क्यू म्हणजे कमी आवाजाचं, टी म्हणजे दोरी ओढून चालू करायचं. १४९ मध्ये के-३२१ए असायचं आणि १४५० मध्ये के-३२१एक्यूएस, दोन्ही १४ हॉर्सपॉवर, पण १४९ मध्ये क्यूएसवालं दिसलं की ते दुसऱ्या ट्रॅक्टरमधून काढून आलंय हे लगेच कळतं. जुन्या मॉडेलमध्ये स्टार्टर आणि जनरेटर एकच असायचे, डेल्को-रेमीचा पट्ट्यावर चालणारा दंडगोल, तो आणि त्याचा ब्रॅकेट जागेवर आहे का बघा. तो नसून फ्लायव्हीलच्या दातांना लागणारा स्टार्टर असेल तर इंजिन नंतरच्या काळातलं.

पण अडचण अशी की ती पट्टी पत्र्याच्या आवरणावर आहे आणि आवरण सहज निघतं. मग आत काय आहे ते मोजूनच कळतं. के-२४१, ३०१, ३२१ आणि ३४१ साधारण एकाच जागी बसतात, म्हणून १० चा १६ करणं हा या ट्रॅक्टरमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त दिसणारा बदल आहे. इंजिनचं हेड काढायला मिळालं तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास मोजा. के-२४१ चा ३.२५ इंच, के-३०१ चा ३.३७५, के-३२१ चा ३.५ आणि के-३४१ चा ३.७५. पिस्टनच्या डोक्यावर .०१०, .०२० किंवा .०३० असा शिक्का असेल तर तेवढा रिबोअर झालाय, म्हणजे सिलिंडर तेवढे इंच मोठा केलाय. .०३० वर असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नवी नळी) बसवायचा खर्च धरून भाव करा. विकणारा हेड काढू देणार नाही हे मला माहिती आहे, तरी विचारा, चांगला माणूस असेल तर तो स्वतःच सांगेल कधी उघडलं होतं आणि कोणी. मोठ्या के इंजिनांमध्ये काहींना आत थरथर कमी करणारे बॅलन्स गिअर होते, ते तुटले तर आतलं सगळं फोडतात, म्हणून इंजिन बांधणारे ते काढूनच टाकतात. हा बदल बाहेरून दिसत नाही आणि माझ्या मते तो केलेला असेल तर ती ट्रॅक्टरची जमेची बाजू, ओरिजिनलपणाच्या नावाखाली परत बसवायला जाऊ नका.

इग्निशन जुन्या के सिरीजमध्ये बाहेरच्या बाजूला लावलेल्या पॉइंटच्या डबीतून चालायचं. कार्ब्युरेटर सुरुवातीच्या इंजिनांवर कार्टरचा, पुढे कोहलरचा स्वतःचा. आता बाजारात स्वस्त नकली कार्ब्युरेटर भरपूर आहेत, त्यांच्यावर कुठलंच नाव ओतलेलं नसतं आणि धातू पांढरट, नवा दिसतो. जुना कार्टर काढून तो शेल्फवर ठेवलेला असेल तर मागून घ्या, साफ करून तो पुन्हा चालतो.

बोल्टचं डोकं बघायला कोणी जात नाही, आणि तिथेच खूप काही लिहिलेलं असतं. अमेरिकन ग्रेड ५ बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा, ग्रेड ८ वर सहा, साध्यावर काहीच नाही. ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर तो मेट्रिक बोल्ट आणि साठच्या दशकातल्या अमेरिकन ट्रॅक्टरवर तो नंतर आलेला. पिवळसर चकचकीत हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट, नायलॉनवाले नट, हे कुठे कुठे आहेत त्याचे फोटो काढा. ते जिथे एकत्र जमलेले दिसतात तिथेच मोठं काम झालेलं असतं. सगळ्या ट्रॅक्टरवर जुने बोल्ट आणि फक्त स्टिअरिंग बॉक्सच्या आजूबाजूला नवे, तर स्टिअरिंग उघडलं होतं.

रंगाचं थोडक्यात. कब कॅडेट पिवळा आणि पांढरा. बॅटरीच्या खोक्याखाली, डॅशच्या आत, सीटच्या खाली, जिथे ऊन लागत नाही तिथे जुना रंग टिकून असतो, नवीन रंग जुळवायचा असेल तर तिथून जुळवा, दुकानातल्या डब्यावर 'कब कॅडेट यलो' लिहिलंय म्हणून घेऊ नका. रबरी नळ्यांवर, वायरवर, नंबरच्या पट्टीवर रंगाचे तुषार असतील तर न उघडता फवारणी केलीय. आणि एक उलटा सापळा, १९८० च्या दशकातले ८२ मालिकेतले काही ट्रॅक्टर, ५८२, ७८२ वगैरे, खरोखरच लाल निघाले होते, इंटरनॅशनलच्या डीलरकडे विकायला. लाल ७८२ बघून कोणीतरी रंगवलाय म्हणून तो घासून पिवळा करू नका, असं झालेलं मी बघितलंय आणि वाईट वाटतं.

असंच जॉन डिअरच्या बाबतीत पण होतं. विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यात १९६३ मध्ये ११० हा मॉडेल निघाला, पहिल्या वर्षी फक्त १,०००, त्यात पण हेच ७ हॉर्सपॉवरचं के-१६१, आणि १९६४ पासून ८ चं के-१८१. १९६७ पर्यंत मडगार्ड गोल, १९६८ पासून चौकोनी, त्यामुळे ते एकमेकांवर चढवलेले सहसा दिसत नाहीत आणि साल लगेच कळतं. पण १९६९ ते ७१ मध्ये ११०, ११२, १२० आणि १४० हे पांढऱ्या अंगावर लाल, केशरी, निळं किंवा पिवळं बॉनेट आणि त्याच रंगाची सीट अशा पॅशिओ मालिकेत पण आले. ते फारसे खपले नाहीत आणि बरेच पुढे हिरवे रंगवले गेले. त्यामुळे त्या सालचा हिरवा ११० किंवा ११२ मिळाला तर हिरव्या रंगाखाली कोपऱ्यात पांढरा सापडतो का ते जरूर खरडून बघा, आधी मालकाला विचारून.

आता भावाचं आणि निर्णयाचं. सगळे बदल एकाच तराजूत घालू नका. फॅक्टरीने वर्षागणिक केलेले बदल, डीलरने विकताना लावलेल्या वस्तू, आणि मालकाने नंतर केलेली कामं, हे तीन वेगळे प्रकार आहेत. गिअरवाल्या ट्रॅक्टरला लावलेला क्रीपर, म्हणजे चाल अजून हळू करणारा जोडगिअर, हा बहुतेकदा त्या काळचा पर्याय होता, तो असेल तर किंमत वाढते, कमी होत नाही. हायड्रॉलिक लिफ्टचंही तसंच. १४७ ला इलेक्ट्रिक लिफ्ट होती, ती काढून हाताची काठी बसवलेली असेल तर मोटर आणि वायरिंग शोधायला लागणार हे गृहीत धरा. जुने कागद जिथे मिळतील तिथे बघा, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत इंटरनॅशनल हार्वेस्टरचा मोठा संग्रह आहे, त्यातली जुनी छायाचित्रं बघून कुठल्या मॉडेलला काय लावलेलं होतं ते डोळ्याने कळतं, आणि विकणाऱ्याशी वाद घालायची वेळ येत नाही.

आणि विकत घेतल्यावर घरी आणून लगेच पाना हातात घेऊ नका. आधी चहूबाजूंनी, खालून, प्रत्येक ब्रॅकेटचे, वायर कुठून कुठे जाते त्याचे, वॉशर कुठल्या बाजूला आहे त्याचे फोटो काढा, प्रत्येक कास्टिंग नंबर ब्रशने साफ करून वहीत उतरवा, स्टिकर असतील तर मोजपट्टी बाजूला ठेवून मोजमापासकट फोटो. काढलेला कुठलाही पार्ट, तुम्हाला तो नकली वाटला तरी, ट्रॅक्टर पूर्ण जोडून चालू होईपर्यंत फेकू नका. पिशवीत घालून त्यावर मॉडेल आणि जागा लिहा, मार्करने नाही, मार्कर तेलाने पुसला जातो, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून तारेने बांधा.